भरतीचे गणित : खंबातचे आखात आणि समुद्रशक्तीची दोन हजार वर्षे

वडोदऱ्याहून जंबुसरमार्गे कावी-कंबोईला गेलेल्या वाचकांना तेथील स्तंभेश्वर महादेवाचे मंदिर ठाऊक असेल. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी या मंदिरात शिरते, शिवलिंग पाण्याखाली जाते आणि काही तासांनी ओहोटीबरोबर पुन्हा उघडे होते. भाविक त्याला समुद्राने केलेला अभिषेक मानतात, तर अभियंत्याला तेथे वाया जाणारी प्रचंड ऊर्जा दिसते. खंबातच्या आखातात पाण्याच्या पातळीतील फरक सरासरी पावणेसात मीटर आणि उधाणाच्या दिवसांत अकरा मीटरपर्यंत भरतो. तीनमजली घराच्या उंचीइतके हे पाणी रोज दोनदा चढते आणि उतरते, आणि त्यासाठी कोणाला इंधन जाळावे लागत नाही. मग त्यापासून वीज का होत नाही, हा प्रश्न आपल्याकडे गेली पन्नास वर्षे विचारला जात आहे.

अलीकडे ‘नील अर्थव्यवस्था’ हा शब्द शासकीय अहवालांत आणि वर्तमानपत्रांत वारंवार येतो. मासेमारी, बंदरे, मीठ, पर्यटन, खनिजे आणि समुद्रापासून मिळणारी ऊर्जा यांचा एकत्रित विचार त्यात अभिप्रेत आहे. शब्द नवा असला तरी त्यामागील व्यवहार जुना आहे, आणि तो समजून घेण्यास आपल्या शेजारच्या आखाताइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. विकसनशील देशांनी समुद्राकडून काय मागितले, त्यांना काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याचा आढावा प्रस्तुत लेखात मुख्यतः या आखाताच्या निमित्ताने घेतला आहे.

जुने जाणकार

खंबातचे आखात नरसाळ्याच्या आकाराचे आहे. दक्षिणेला तोंड रुंद, उत्तरेकडे ते अरुंद आणि उथळ होत जाते. अरबी समुद्रातून येणारी भरतीची लाट या नरसाळ्यात शिरली की दोन्ही बाजूंनी दाबली जाते आणि उंचावते. शिवाय आखाताची लांबी आणि खोली अशी आहे की पाण्याच्या स्वाभाविक हेलकाव्याचा काळ भरतीच्या काळाशी जुळत येतो. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या धक्क्याने झोका वाढावा, तसेच येथे घडते. म्हणून मुंबईला उधाणात साडेचार-पाच मीटर चढणारे पाणी भावनगरजवळ त्याच्या दुपटीने चढते.

या पाण्याशी माणसाने केलेल्या व्यवहाराचा सर्वांत जुना पुरावा लोथल येथील मानला जातो. शिकारीपुरा रंगनाथ राव यांच्या नेतृत्वाखाली १९५५ ते १९६२ या काळात तेथे उत्खनन झाले. त्यात सापडलेला, भाजलेल्या विटांनी बांधलेला दोनशे मीटरांहून अधिक लांबीचा हौद ही भरतीच्या पाण्यावर चालणारी गोदी होती, असे मत राव यांनी मांडले. तो गोड्या पाण्याचा तलाव असावा असे म्हणणारे अभ्यासकही होते आणि हा वाद बराच काळ चालला. २०२४ मध्ये गांधीनगरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून साबरमतीच्या जुन्या प्रवाहाचा माग काढला, तेव्हा गोदीच्या बाजूने आणखी आधार मिळाला.

लोथलबाबत मतभेद असले तरी भरूचबाबत लिखित साक्ष उपलब्ध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या ग्रंथात बॅरिगाझा म्हणजे भरूचच्या बंदराचे वर्णन आहे. नर्मदेच्या मुखाशी भरती किती वेगाने येते, समुद्राचा तळ क्षणात उघडा पडतो आणि क्षणात जहाजे बुडतील इतके पाणी कसे चढते, हे त्या लेखकाने भीतीयुक्त आश्चर्याने नोंदवले आहे. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नाममात्र असल्याने त्याला हे सारे विलक्षण वाटले असणार. परंतु त्याच ठिकाणी आलेली दुसरी नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते. परदेशी जहाजांना वाट दाखवण्यासाठी राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. भरती सुरू झाली की ते जहाजे ओढून नदीत आणत, ओहोटीच्या वेळी ठरलेल्या खोल डोहांत नांगरून ठेवत आणि पुढच्या भरतीला पुन्हा पुढे नेत.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याने भरतीचे ज्ञान कोणाकडे आहे हे ओळखून त्या लोकांना राज्याच्या सेवेत घेतले होते, हा या नोंदीचा अर्थ आहे. बंदराचे उत्पन्न कोळ्यांच्या ज्ञानावर उभे होते आणि त्या ज्ञानाला मोल मिळत होते. या मुद्द्याकडे लेखाच्या उत्तरार्धात पुन्हा यावे लागेल.

भरतीचे बळ वापरण्याची आणखी एक देशी पद्धत आपल्या गोमंतकीय वाचकांच्या परिचयाची आहे. मांडवी-जुवारीच्या खाड्यांकाठची खाजन जमीन बांध घालून समुद्रापासून राखलेली असते. बांधात ठरावीक ठिकाणी ‘मानस’ म्हणजे लाकडी दरवाजांची मोरी बसवलेली असते. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की तिचे दरवाजे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतील पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावसाळ्यात आत कोरगुटीसारखे खारेपणा सोसणारे भात होते, मानसीपाशी मासे मिळतात आणि कोठे मीठ पिकते. बांधांची देखभाल गावकरी पद्धतीने, पोर्तुगीज अमलात ज्यांना कोमुनिदाद म्हटले गेले त्या ग्रामसंस्थांमार्फत, होत असे. मानसीतील मासेमारीच्या हक्काचा लिलाव होई. शेती, मीठ, मासे आणि भरती यांचा हिशेब एकाच वहीत मांडणारी ही व्यवस्था होती. युरोपातही भरतीवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या जुन्या आहेत. उत्तर आयर्लंडमधील नेंड्रम येथील मठातील गिरणी इसवी सन ६१९ च्या सुमाराची ठरली आहे.

बडोदे संस्थानाचा समुद्र

बडोदे संस्थान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथालये, सक्तीचे शिक्षण आणि राजवाडे येतात. या संस्थानाला समुद्रकिनाराही होता आणि सयाजीराव महाराजांच्या प्रशासनाने त्याकडे दुर्लक्ष केले नाही, हे मात्र फारसे स्मरणात राहिलेले नाही. काठेवाडच्या पश्चिम टोकाचा ओखामंडळ हा भाग गायकवाडांच्या ताब्यात होता. तेथील सागरी संपत्ती तपासण्यासाठी संस्थानाने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाला १९०५-०६ मध्ये पाचारण केले. ओखामंडळाच्या सागरी प्राणिसृष्टीवरील त्याचा अहवाल पुढे दोन भागांत प्रसिद्ध झाला. शंख, मोत्यांचे शिंपले, मासे आणि इतर जलचर यांची शास्त्रीय नोंद करून त्यापासून प्रजेला व दरबाराला काय उत्पन्न होऊ शकेल, असा तो विचार होता. आज ज्याला नील अर्थव्यवस्थेचे सर्वेक्षण म्हटले जाईल, ते काम एका संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी करून घेतले होते.

त्यानंतर १९२० च्या दशकात ओखा बंदर उभे राहिले. त्याच सुमारास ओखामंडळात मिठाचा उद्योग सुरू झाला आणि १९३९ मध्ये मिठापूरला टाटांचा रसायन कारखाना आला. आधी पाहणी, मग बंदर, मग उद्योग हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्वातंत्र्योत्तर काळात समुद्राकडे पाहताना पुष्कळदा आकडा आधी आला आणि पाहणी मागाहून झाली.

मेगावॅटांचे स्वप्न

भरतीपासून मोठ्या प्रमाणावर वीज काढण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखाशी झाला. १९६६ मध्ये सुरू झालेले तेथील २४० मेगावॅटचे केंद्र अजूनही चालू आहे. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर तेल आयात करणारे सर्वच गरीब देश पर्याय शोधू लागले आणि १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वतीने एरिक विल्सन या तज्ज्ञाने भारताचा किनारा पाहिला. खंबातचे आखात, कच्छचे आखात आणि बंगालमधील सुंदरबन ही भरती-विजेसाठी योग्य स्थळे ठरली. पुढील अनेक वर्षे शासकीय कागदपत्रांत खंबातसाठी ७,००० मेगावॅट, कच्छसाठी १,२०० मेगावॅट आणि सुंदरबनसाठी सुमारे १०० मेगावॅट हे आकडे कायम राहिले.

१९८० च्या दशकात केंद्रीय वीज प्राधिकरणाने कच्छच्या आखातात कंडल्याजवळील हंसथल खाडीचा अभ्यास करून ९०० मेगावॅटच्या केंद्राचा अहवाल तयार केला. याच दशकात एक अधिक भव्य कल्पना वडोदऱ्यातून पुढे आली. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. अनिल काणे यांनी खंबातच्या आखातावरच धरण घालण्याचा विचार मांडला. साबरमती, मही, ढाढर, नर्मदा आणि सौराष्ट्रातील नद्यांचे समुद्रात जाणारे पाणी अडवून गोड्या पाण्याचे सरोवर करावे, धरणावरून दक्षिण गुजरात व सौराष्ट्र जोडणारा रस्ता न्यावा आणि भरतीपासून वीज काढावी, अशी ती योजना होती. ‘कल्पसर’ हे तिचे नाव. १९८८-८९ मध्ये प्राथमिक पाहणी झाली आणि पायाची जमीन योग्य असल्यास आखात बंद करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, असा निष्कर्ष निघाला. १९९० च्या दशकाअखेरच्या आराखड्यात ६४ किलोमीटर लांबीचे धरण आणि ५,८८० मेगावॅट भरती-वीज असे आकडे होते. सौराष्ट्रातील पाणीटंचाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कल्पनेचे आकर्षण का वाटले हे समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्यात टँकरच्या वेळापत्रकावर गावेच्या गावे जगताना मी सेवाकाळात पाहिली आहेत.

त्यानंतर अनेक शासने आली, अभ्यासगट नेमले गेले आणि खर्चाचे अंदाज वाढत गेले. धरणाची जागा उत्तरेकडे सरकली, लांबी सुमारे ३० किलोमीटरवर आली आणि भरती-विजेचा भाग योजनेच्या गाभ्यातून बाजूला पडला. मुख्य धरणाचे बांधकाम अद्याप सुरू झालेले नाही. कच्छच्या आखातात धरणाशिवाय, केवळ प्रवाहात पाती बसवून ५० मेगावॅट वीज काढण्याची घोषणा राज्य शासनाच्या वीज महामंडळाने एका परदेशी कंपनीसह जानेवारी २०११ मध्ये केली होती. आशियातील पहिले व्यापारी केंद्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पण ते उभे राहिले नाही. सुंदरबनातील दुर्गादुआनी खाडीवरील पावणेचार मेगावॅटची योजनाही अशीच सोडून द्यावी लागली. तिचा अंदाजी खर्च २३८ कोटी रुपये, म्हणजे मेगावॅटमागे तब्बल ६३ कोटींवर गेला होता.

ही योजना का फसली आणि ती का फसली, हे स्वतंत्रपणे सांगता येईल; पण मूळ कारणे समान आहेत. भरतीची शक्ती पाण्याच्या चढउताराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे उधाणात आठ मीटर चढणारे पाणी भांगाच्या दिवसांत चारच मीटर चढले, तर वीज निम्मी न होता एक चतुर्थांश होते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि घराघरातील दिवे लावण्याची वेळ मात्र सरकत नाही. खारे पाणी यंत्रे खाते. त्यात आपल्या आखाताचा विशेष म्हणजे गाळ. नद्यांचा आणि भरतीने ढवळलेला चिखल येथे इतका आहे की पाणी बाराही महिने मातकट दिसते. याचा प्रत्यय घोघा-दहेज नौकासेवेत आला. २०१७ मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू झालेली ही सेवा दहेजच्या बाजूला गाळ साचल्यामुळे २०१९ मध्ये थांबली आणि २०२० मध्ये घोघा-हजीरा अशी वळवावी लागली. नौकेसाठीचा मार्ग जेथे गाळाने भरतो, तेथे हजारो कोटींच्या यंत्रांचे काय होईल, हा प्रश्न रास्त आहे.

दरम्यान सूर्याने बाजी मारली. २०१२ मध्ये पाटण जिल्ह्यातील चारणका येथे सौरऊर्जा उद्यान सुरू झाले, तेव्हा सौर वीज महागच होती. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमधील लिलावात तिचा दर युनिटला एक रुपया नव्व्याण्णव पैशांपर्यंत खाली आला. भरतीच्या विजेला या दराच्या जवळपासही येणे अशक्य होते. २०१९ मध्ये केंद्र शासनाने भरती, लाटा आणि सागरी उष्णता यांपासूनच्या विजेला नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा स्पष्ट केला आणि भरती-विजेची देशातील क्षमता आता सुमारे १२,४५५ मेगावॅट मानली जाते. प्रत्यक्षात व्यापारी तत्त्वावर चालणारे एकही भरती-वीज केंद्र देशात नाही.

लाटा, उष्णता आणि पिण्याचे पाणी

समुद्राकडून ऊर्जा मिळवण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. पहिला लाटांचा. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने केरळातील विळिंजम येथे १९९१ मध्ये १५० किलोवॅटचे केंद्र उभारले. पाण्यात ठेवलेल्या काँक्रीटच्या प्रचंड पेटीत लाट शिरली की आतील हवा वर दाबली जाई आणि त्या हवेवर चक्र फिरे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना वीज पुष्कळ आणि हिवाळ्यात अगदी थोडी, असे त्याचे वेळापत्रक होते. पुढे या केंद्राचा उपयोग खारे पाणी गोडे करण्याच्या प्रयोगासाठी झाला आणि २०११ मध्ये ते बंद झाले.

दुसरा मार्ग समुद्राच्या पृष्ठभागावरील उबदार आणि खोलीवरील थंड पाण्याच्या तापमानातील फरकाचा. ही कल्पना द’आर्सोनव्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये मांडली आणि त्याचा शिष्य जॉर्ज क्लोद याने १९३० मध्ये क्यूबातील मातान्झास उपसागरात ती करून दाखवली. थंड पाणी वर आणण्यासाठी त्याने लांबलचक नळ समुद्रात सोडले. पहिले नळ गमावल्यावर शेवटी एक बसला आणि २२ किलोवॅट वीज निर्माण झाली, पण पंप चालवायला लागणारी वीज त्याहून अधिक होती. १९८१ मध्ये पॅसिफिकमधील नाउरू या चिमुकल्या देशात जपानी कंपनीने शंभर किलोवॅटच्या वरचे केंद्र चालवले. पंपांचा खर्च वजा जाता जवळजवळ तीस किलोवॅट उरले. भारतानेही प्रयत्न केला. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने जपानमधील सागा विद्यापीठाच्या साहाय्याने ‘सागरशक्ती’ नावाच्या तराफ्यावर एक मेगावॅटचे केंद्र तुतिकोरिनजवळच्या खोल समुद्रात नेण्याचे ठरवले. सुमारे एक किलोमीटर लांबीचा थंड पाण्याचा नळ समुद्रात बसवण्याचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. क्यूबात ज्या नळाने क्लोदला छळले, त्याच नळाने सत्तर वर्षांनी आपल्या शास्त्रज्ञांनाही अडवले.

मात्र या अपयशानंतर जे घडले, ते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. खोल समुद्रातील थंड पाणी वर आणण्याचा जो अनुभव गाठीशी आला होता, तो संस्थेने विजेऐवजी पाण्यासाठी वापरला. लक्षद्वीपच्या बेटांना नद्या नाहीत. प्रवाळी जमिनीतील विहिरींचे गोडे पाणी उपसा वाढला की मचूळ होते. पण किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, त्यामुळे नळ फार लांब न्यावा लागत नाही. २००५ मध्ये कवरत्ती बेटावर केंद्र सुरू झाले. पृष्ठभागावरचे अठ्ठावीस-तीस अंश तापमानाचे पाणी हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडले की कमी दाबामुळे त्याच्या थोड्या भागाची वाफ होते. साडेतीनशे-चारशे मीटर खोलीवरून आणलेल्या बारा-तेरा अंशांच्या पाण्याने ती वाफ थंड केली की गोडे पाणी मिळते. दिवसाला एक लाख लिटर पाणी, म्हणजे अकरा हजारांच्या वस्तीत माणशी नऊ-दहा लिटर. ते पिण्यास आणि स्वयंपाकास पुरते. २०११ मध्ये मिनिकॉय व अगत्ती, त्यानंतर कल्पेनी आणि जानेवारी २०२४ मध्ये कडमत येथे अशी केंद्रे सुरू झाली. पंपांना लागणारी वीज डिझेलवर होते, ही त्यातील उणीव आहे. तीही भरून काढण्यासाठी सागरी उष्णतेवरच चालणारे ६५ किलोवॅटचे केंद्र कवरत्तीसाठी आखले गेले.

हजारो मेगावॅटच्या योजना फाइलींत राहिल्या आणि एक लाख लिटरची योजना लोकांच्या हंड्यापर्यंत पोहोचली. गरज नेमकी होती, जागा अनुकूल होती आणि पर्याय महाग होता, म्हणून हे घडले. विकसनशील देशांना, विशेषतः बेटांच्या राष्ट्रांना, समुद्रशक्तीचा पहिला उपयोग कोठे होईल याचे उत्तर मला येथे दिसते.

हिशेब कोणाचा?

२०१२ च्या रिओ परिषदेच्या सुमारास छोट्या बेटराष्ट्रांनी हरित अर्थव्यवस्थेच्या चर्चेत समुद्राचा मुद्दा आग्रहाने मांडला. १९८२ च्या सागरी कायद्याने प्रत्येक किनारी देशाला २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर हक्क दिला होताच. भारताने तर १९७६ मध्येच त्याविषयी कायदा केला होता. सेशेल्सने २०१८ मध्ये सागरसंवर्धनासाठी दीड कोटी डॉलरचे कर्जरोखे काढून जगाचे लक्ष वेधले. आपल्याकडे २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मान्यता मिळाली आणि तिच्यात समुद्रापासून ऊर्जा व गोडे पाणी हा स्वतंत्र विभाग आहे. शब्द आणि निधी या दोन्हींची आता वाण नाही. प्रश्न आहे तो हिशेब मांडण्याच्या पद्धतीचा.

आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावरील अलंगचे उदाहरण घ्या. तेथे उधाणाच्या भरतीला जुनी जहाजे वेगाने किनाऱ्यावर चढवतात आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूवर ती तोडतात. १९८३ पासून चाललेला हा उद्योग खऱ्या अर्थाने भरतीच्या बळावर चालतो, कारण सुकी गोदी बांधण्याचा खर्च भरतीमुळे वाचतो. परंतु जहाजांतील तेल, ॲस्बेस्टॉस आणि मजुरांच्या अपघातांची किंमत त्या बचतीत कित्येक वर्षे धरली गेली नाही. सागरी उद्योगाचा नफा किनाऱ्यावर मोजला जातो आणि तोटा पाण्यात सोडून दिला जातो, हे त्यावरून दिसते.

नर्मदेवरील भाडभूत बंधाऱ्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये पायाभरणी झालेला नव्वद दरवाजांचा हा बंधारा नदीच्या मुखातून आत शिरणारे खारे पाणी अडवणार आहे आणि गोडे पाणी साठवणार आहे. वरच्या धरणांमुळे नदीचा प्रवाह घटला आणि खारेपणा आत सरकला, हे खरे आहे. त्यामुळे भरूचच्या शेतकऱ्याला आणि कारखान्याला बंधारा हवा असणे स्वाभाविक आहे. पण याच मुखातून पावसाळ्यात हिलसा, म्हणजे आपल्याकडचा पाला मासा, अंडी घालण्यासाठी नदीत चढतो आणि भाडभूतच्या परिसरातील हजारो मच्छीमारांचे वर्षाचे गणित त्या काही आठवड्यांवर बेतलेले असते. म्हणूनच त्यांनी बंधाऱ्याला विरोध केला. गंगेवरील फराक्का बंधारा १९७५ मध्ये पुरा झाल्यावर एके काळी अलाहाबादपर्यंत जाणारा हिलसा वरच्या भागात जवळजवळ नाहीसा झाला, हा इतिहास त्यांच्या भीतीच्या बाजूने आहे.

कल्पसरच्या पुरस्कर्त्यांनी आणि विरोधकांनीही दक्षिण कोरियातील सिहवा सरोवराचा इतिहास अवश्य वाचावा. १९९४ मध्ये तेथे १२.७ किलोमीटरची भिंत घालून खाडी बंद केली गेली. उद्देश शेतीसाठी गोडे पाणी साठवणे हा होता. थोड्याच वर्षांत कारखान्यांच्या सांडपाण्याने सरोवर इतके दूषित झाले की गोड्या पाण्याचा विचार सोडून द्यावा लागला आणि समुद्राचे पाणी पुन्हा आत घ्यावे लागले. पाणी आत-बाहेर करायचेच आहे, तर त्यापासून वीज का काढू नये, या विचारातून २०११ मध्ये २५४ मेगावॅटचे केंद्र झाले. ते आज जगातील सर्वांत मोठे भरती-वीज केंद्र आहे. रान्सच्या वेळीही बांधकामाची तीन वर्षे खाडी बंद राहिल्याने तेथील जलचरांची मोठी हानी झाली होती. आपल्या बाबतीत वडोदरा परिसरातील कारखान्यांचे सांडपाणी पंचावन्न किलोमीटरच्या कालव्याने जंबुसर तालुक्यातील सरोदजवळ महीच्या मुखाशी सोडले जाते. साबरमतीतून अहमदाबादचे येते. दिवसातून दोनदा येणारी भरती हे सारे धुऊन नेते. ही सेवा ती फुकट करते, म्हणून तिची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नाही. आखात बंद केल्यास ते काम कोण करणार, याचे उत्तर पाण्याच्या साठवणुकीइतकेच आधी मिळायला हवे.

याचा अर्थ काहीच करू नये असा नाही. सौराष्ट्राची तहान खरी आहे, कोळशाचा धूर खरा आहे आणि वाढत्या समुद्रपातळीचे संकटही खरे आहे. बॅटरी आणि सौर वीज यांच्या जोडीला ठरल्या वेळी येणारी भरतीची वीज उद्या उपयोगी पडेल, हेही शक्य आहे. ढग आणि वारा यांचा भरवसा नसतो, तर भरतीचे वेळापत्रक शंभर वर्षे आधी मांडता येते. म्हणून लहान प्रमाणावर, खाडी बंद न करता, गाळात टिकणारी यंत्रे तपासण्याचे काम चालू राहिले पाहिजे. त्यासाठी खर्च होणारा पैसा विजेच्या दराशी न तोलता संशोधनाचा खर्च म्हणून धरावा.

प्रशासनात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. किनाऱ्यावरील कोणत्याही मोठ्या योजनेच्या अभ्यासगटात जलशास्त्रज्ञ, भूगर्भशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि अभियंते असतात. मच्छीमारांचा उल्लेख पुनर्वसनाच्या प्रकरणात, बाधितांच्या यादीत येतो. भरूचच्या जुन्या राजवटीत त्यांचे स्थान वाटाड्यांचे होते. कोणत्या महिन्यात गाळ कोठे सरकतो, कोणत्या तिथीला पाणी कोठवर येते, मासा कोणत्या बाजूने चढतो, हे ज्ञान त्यांच्याकडे अजूनही आहे. ते पद्धतशीर नोंदवून घेण्याचे आणि त्याबद्दल त्यांना मानधन देण्याचे काम कोणत्याही धरणापेक्षा स्वस्त आहे. ओखामंडळात हॉर्नेलला बोलावणाऱ्या बडोदे सरकारने समुद्रावर पैसा लावण्यापूर्वी समुद्र समजून घेण्यावर पैसा लावला होता. त्या पाहणीची परंपरा आपल्या विद्यापीठाने आणि राज्य शासनाने मिळून आखातापुरती पुन्हा सुरू केली, तर पुढील पन्नास वर्षांच्या योजनांना निदान खात्रीचा पाया मिळेल.